काचेवरची शाळा

शाळेचा जुना ग्रुप फोटो म्हटले की त्याची मांडणी न पाहताही सांगता येते. मधोमध खुर्च्या, खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि शिक्षक, हात गुडघ्यांवर. त्यांच्या मागे उभी रांग, तिच्या मागे बाकावर चढवलेली उंच मुले. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली लहान मुले. आणि अगदी कडेला, चौकटीत जेमतेम मावलेले शिपाईमामा. आपल्या बॅचचा फोटो असाच आहे, आपल्या वडिलांच्या बॅचचा असाच होता, आणि त्याही आधीच्या, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पिवळट फोटोतही रांगा अशाच दिसतात. डोक्यावरच्या टोप्या गेल्या, धोतराच्या जागी चड्डी आणि चड्डीच्या जागी पँट आली, मुलींची बाजू एका बाकावरून अर्ध्या फोटोपर्यंत वाढली. रांगा मात्र हलल्या नाहीत.

ही मांडणी कुणा मुख्याध्यापकांच्या डोक्यातून निघालेली नाही. ती काचेने ठरवली. फिल्मचा रोल सर्रास वापरात येण्याआधी फोटो काचेच्या तुकड्यावर निघत असे, आणि त्या काचेला सांभाळून घेण्यासाठी माणसांना जसे बसावे आणि उभे राहावे लागले, तसे आपण अजून बसतो आणि उभे राहतो. या स्नेहमेळाव्याच्या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा वाटले, आपल्या आठवणी सगळेच लिहितील. आपल्या आधीच्यांचे चेहरे ज्या काचेने आपल्यापर्यंत आणले, तिची हकिकत एकदा सांगावी. त्यात आपल्यासाठी एक कामही दडलेले आहे.

फोटोसाठी काच वापरण्याची सोयीची पद्धत इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. ओली असतानाच ती धुऊनही काढायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. काच वाळली की संपले. म्हणून त्या काळचा फोटोग्राफर गावोगाव निघाला की कॅमेऱ्याबरोबर काळा तंबू, बाटल्या, बशा आणि पाण्याची भांडी असा संसार घेऊन निघे.

ही विद्या मुंबईत पोहोचायला फार वर्षे लागली नाहीत. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे उत्तम छायाचित्रकार होते आणि या सोसायटीच्या कारभारातही होते. आणि आपल्यासारख्या शाळेच्या लेकरांना विशेष वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ येण्याच्या दोन वर्षे आधी विद्यार्थी वर्गात बसून काचेवर चित्र उमटवायला शिकत होते. या वर्गातून पुढे आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतल्या पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले जातात. पुढच्या पिढीत दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि तिथे फोटोग्राफीत रमले. कॅमेरा आणि विद्यालय यांचे आपल्याकडचे नाते इतके जुने आहे.

ओल्या काचेची कटकट १८७१ नंतर मिटू लागली. त्या वर्षी रिचर्ड मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची कल्पना मांडली, आणि त्या दशकाच्या शेवटी कोरड्या तयार प्लेट पेटीत भरून विकायला आल्या. आता फोटोग्राफरला तंबू नको झाला. प्लेट सोबत न्यायची, फोटो घ्यायचा आणि स्टुडिओत परतल्यावर सवडीने धुवायची. जिल्ह्याच्या गावातल्या शाळेने फोटोग्राफरला बोलावून घेणे यामुळे शक्य झाले. सोलापुरात १८६० च्या सुमारासच रेल्वे आली होती. मुंबईहून येणाऱ्या मालाला तोच रस्ता होता, काचेच्या पेट्यांनाही.

आता तो फोटो कसा निघे ते पाहू, म्हणजे रांगांचे कोडे सुटेल. ग्रुप फोटोसाठी प्लेट मोठी लागे. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. पन्नास-साठ माणसांसाठी दहा बाय बारा किंवा बारा बाय पंधरा इंचांची. बारा बाय पंधराची एक काच अर्ध्या किलोहून जड. फोटो मोठा करून छापण्याची सोय साध्या स्टुडिओत नसे. प्लेट कागदाला चिकटवून, चौकटीत दाबून उन्हात धरायची, की प्लेटएवढाच फोटो छापून निघे. त्यामुळे फोटो जेवढा हवा तेवढी काच घ्यावीच लागे. एवढ्या मोठ्या काचेवर सगळे चेहरे एकसारखे स्पष्ट यायचे, तर सगळे भिंगापासून जवळपास सारख्या अंतरावर हवेत. म्हणून रांगा एकमेकींना खेटून, आणि एकीमागे एक उंच होत जाणाऱ्या. कडेच्या माणसांना किंचित पुढे घेऊन रांगेला अर्धचंद्राचा बाक दिला जाई तोही याचसाठी. जुन्या फोटोत खुर्च्यांची ओळ नीट पाहा, ती बरेचदा सरळ नसते.

आणि मग हलायचे नाही. फोटोग्राफर काळ्या फडक्यात डोके घालून काचेवर उलटी दिसणारी शाळा पाही, बाहेर येई, प्लेट बसवी, भिंगावरची टोपी हाताने काढी, मनात मोजे आणि टोपी परत लावी. तेवढा वेळ पन्नास जणांनी श्वास रोखायचा. हात गुडघ्यावर का? हलू नयेत म्हणून. हसू का नाही? दोन-तीन सेकंद टिकवलेले हसू फोटोत वेडेवाकडे येते म्हणून. गुरुजी रागीट होते असे आपण त्या फोटोवरून ठरवतो. ते बिचारे नुसते स्थिर बसलेले असतात. अशा फोटोत पुढच्या सतरंजीवर एखादे पोर हमखास धूसर आलेले असते, चेहऱ्याच्या जागी पांढरट फराटा. माशी बसली असेल, शेजाऱ्याने चिमटा काढला असेल. साऱ्या फोटोत खरोखर शाळेत असल्यासारखा तोच एक दिसतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याने यात आपली भर घातली असणार. शाळेचा सेंड-ऑफ परीक्षेच्या तोंडावर, आणि आपल्याकडे तेव्हा उन्हाचा कडाका सुरू झालेला. जिलेटिन हा पदार्थ गरम पाण्यात विरघळणारा. धुण्याचे पाणी तिशीच्या वर गेले की प्लेटवरचा थर फुगतो, कडेने सुरकुततो आणि काचेवरून साय सरकावी तसा सरकतो. बर्फ हाताशी नसलेल्या गावात यावर उपाय घरगुतीच होते. काम रात्री किंवा पहाटे करायचे, पाणी माठातले घ्यायचे आणि थर घट्ट व्हावा म्हणून प्लेट तुरटीच्या पाण्यातून काढायची. फोटोच्या कडेला लाटेसारखी सुरकुती दिसली तर तो अनेकदा उन्हाळ्याचा शिक्का असतो. मात्र याच कोरड्या हवेचा एक फायदाही झाला. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जिलेटिनला बुरशी लागते. आपल्याकडे ते भय कमी. ज्या प्लेट फुटल्या नाहीत आणि कुणी फेकल्या नाहीत, त्या टिकण्याजोगी आपली हवा आहे.

या काचेची नजर आपल्या नजरेसारखी नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे. जुन्या प्लेटला निळा रंग फार दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. डार्करूममध्ये लाल दिवा चाले तो यामुळेच. याचा परिणाम असा की निळे आकाश फोटोत कोरे पांढरे येते आणि लाल वस्तू काळी. पुणेरी लाल पगडी काळी दिसते. बाईंच्या कपाळावरचे कुंकू काळा ठिपका होते. गव्हाळ-तांबूस कातडी मुळाहून सावळी उमटते, मग फोटोग्राफर बारीक टोकाच्या पेन्सिलीने प्लेटवर काम करून चेहरे उजळ करी आणि सुरकुत्याही घालवी. लाल रंगही नीट पाहणाऱ्या प्लेट १९०६ पासून बाजारात आल्या, पण स्टुडिओत जुन्या पद्धतीच्या स्वस्त प्लेट पुढेही बरीच वर्षे चालल्या. तेव्हा पणजोबांच्या फोटोवरून ते काळे होते की गोरे, पगडी काळी होती की लाल, याचा वाद घरात घालू नये. काच साक्षीदार प्रामाणिक, पण एका रंगाला आंधळी.

आणि एका बाबतीत ती पूर्ण मुकी. चेहरा ती शंभर-सव्वाशे वर्षे जसाच्या तसा धरून ठेवते, मिशीचा केस न् केस, सदऱ्याचे तुटलेले बटण. नाव मात्र तिला ठाऊक नसते. नाव माणसांनी लिहावे लागते.

याचे एक उदाहरण आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचा एक फोटो निघाला. एक साडीतली, एक किमोनोतली, एक सीरियाच्या पारंपरिक वेषात. पहिली आपली आनंदीबाई जोशी, वय वीस. दुसरी जपानची केई ओकामी. तिसरी दमास्कसची सबात इस्लामबुली. आज हा फोटो जगभर छापला जातो. का? त्या महाविद्यालयात इतर विद्यार्थिनींचेही फोटो निघालेच असतील. पण या फोटोच्या खाली तिघींची नावे आणि गावे लिहिलेली आहेत. ती लिहिणाऱ्याने घाईच केलेली दिसते. आनंदीबाई जिथून अमेरिकेला गेल्या त्या बंगालमधल्या सेरामपूरचे स्पेलिंग चुकले आहे, तिसऱ्या मुलीच्या नावाचेही पहिले अक्षर वेगळे पडले आहे. तिघींच्या नावांआधी डॉक्टर आहे, पण फोटोच्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर झालेली नव्हती. आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये झाल्या, बाकी दोघी त्यानंतर तीन-चार वर्षांनी. म्हणजे नावे मागाहून केव्हातरी कुणीतरी आठवणीने घातली असावीत. त्या चुका असलेल्या तीन ओळींनी केवढे काम केले पाहा. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, बावीसही पुरी झाली नव्हती. त्यांना डॉक्टरकी करता आली नाही. पण त्या तिथे होत्या, शिकत होत्या, आणि त्यांच्या बाजूला आणखी दोन देशांच्या मुली होत्या, हे त्या ओळींमुळे कुणालाही पुसता येत नाही. नावे नसती तर आज तो वेषभूषा स्पर्धेचा फोटो म्हणून खपला असता.

दुसरे उदाहरण लंडनचे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला १९१६-१७ च्या सुमाराचा एक ग्रुप फोटो आहे. प्राध्यापक आणि विद्यार्थी रांगांनी बसलेले, उभे असलेले. मांडणी तीच, आपल्या शाळेची. त्यात एक तरुण विद्यार्थी आहे भीमराव आंबेडकर. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. इथे तो रांगेत आहे, इतरांच्या खांद्याला खांदा लावून. असंख्य घरांत हा फोटो पाहिला जातो, आणि पाहणारा त्यात एकच चेहरा शोधतो. त्या चेहऱ्याला नाव आहे म्हणून तो फोटो जिवंत आहे. भोवतीचे बहुतेक चेहरे आपल्यासाठी मुके आहेत.

आता आपल्या गावाकडे वळू. सोलापूरच्या वर्गाची हजेरी हा एक वेगळाच प्रकार असतो, हे आपल्याला सांगायला नको. एका बाकावर घरी मराठी बोलणारा, शेजारी कानडी बोलणारा, मागे तेलुगू बोलणारा, पलीकडे उर्दू. मधल्या सुट्टीत शेंगाची चटणी सगळ्यांच्या डब्यात सारखी. जुन्या फोटोत या चारी घरांची मुले एकाच सतरंजीवर बसलेली आहेत, पण फोटो भाषा सांगत नाही. ती नावातून कळते. नाव गेले की कोण विणकराचा, कोण व्यापाऱ्याचा, कोण रेल्वेतल्या बाबूचा, कोण खेड्यातून येऊन वसतिगृहात राहिलेला, हा सारा पट पुसला जातो आणि उरतात नुसत्या टोप्या.

फोटोत कोण नाही, हेही पाहायला हवे. १८७७ साली सोलापुरात मोरारजी गोकुळदास यांची पहिली कापड गिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी मिल. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि गावाचे घड्याळ भोंग्यावर चालू लागले. त्या भोंग्यावर मुलेही कामाला जात. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सवलत म्हणून! १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि तास सात. १९२२ मध्ये वय बारा आणि तास सहा. म्हणजे आपण कौतुकाने पाहतो त्या जुन्या फोटोतली मुले अर्धचंद्राकार रांगेत श्वास रोखून उभी होती, तेव्हा त्यांच्याच वयाची, त्यांच्याच गल्लीतली काही मुले साच्यांच्या खडखडाटात उभी होती. त्यांचा ग्रुप फोटो काढावा असे कुणाला सुचण्याचे कारण नव्हते. मुलींचे तेच. एखाद्या फोटोत चाळीस मुलगे आणि तीन मुली असतील, तर त्या तिघींची नावे शोधणे हे चाळीसांइतकेच मोठे काम आहे. मात्र पुठ्ठ्यावर नावे लिहिली असली तरी ती बरेचदा फक्त खुर्चीवरच्यांची असतात. पुढच्या सतरंजीला आणि कडेच्या शिपायांना तो मान क्वचितच मिळे.

आणि मग १९३०. एप्रिलमध्ये आपल्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला, मे महिन्यात गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. ही चार नावे आपल्याला चौकातून रोज भेटतात. पण त्या मे महिन्यात रस्त्यावर जे हजारो लोक होते, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, ज्यांना खादीच्या टोपीपायी पोलिसांनी हटकले, ते कोण? त्यांतले वीस-बावीस वर्षांचे तरुण दहा-बारा वर्षांपूर्वी याच गावाच्या कुठल्या ना कुठल्या शाळेत शिकलेले असणार. १९२० च्या आसपासच्या एखाद्या फोटोत, दुसऱ्या रांगेत, कानामागे टोपी सरकवलेला मुलगा म्हणून ते उभे असतील. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्मही सोलापुरातलाच, १९१० चा. भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातला फोटो म्हणून ते आपल्याला ओळखू येतात, कारण त्या फोटोखाली नावे आहेत. त्यांच्या वयाच्या, त्यांच्या गावच्या बाकीच्या मुलांचे काय झाले, हे सांगायला काचेला तोंड नाही.

या काचा गेल्या कुठे, हा प्रश्न साहजिक आहे. स्टुडिओत प्रत्येक प्लेटला एक आकडा असे, प्लेटच्या कोपऱ्यात उलट्या अक्षरांत लिहिलेला, आणि तोच आकडा वहीत, समोर शाळेचे नाव व तारीख. वही म्हणजे त्या काचांची स्मरणशक्ती. स्टुडिओ बंद पडला, पुढच्या पिढीने दुसरा धंदा धरला, की आधी वही रद्दीत जाई आणि मग काचा नुसत्या काचा उरत. जड, फुटणाऱ्या, जागा अडवणाऱ्या. गरम पाण्यात सोडा टाकून भिजवले की जिलेटिन सुटते आणि खाली स्वच्छ, सरळ, चांगल्या प्रतीची काच मिळते. ती फोटोच्या फ्रेमला चाले, खिडकीच्या तावदानाला चाले. कुणा एका वर्गाचे चाळीस चेहरे धुऊन त्या काचेमागे दुसऱ्याच कुणाचे लग्नाचे जोडपे बसवले जाणे, हे त्या धंद्यात काही वावगे नव्हते. मोठ्या नावांनाही हे चुकले नाही. कलकत्त्याची बोर्न अँड शेफर्ड ही जगातल्या सर्वांत जुन्या स्टुडिओंपैकी एक. १९९१ मध्ये तिला आग लागली आणि जुन्या संग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला. २०१६ मध्ये स्टुडिओच बंद झाला.

मित्रहो, म्हणूनच सुरुवातीला म्हटले, यात आपल्यासाठी एक काम आहे. ते दोन भागांत सांगतो.

पहिला भाग काचेचा. कुणाच्या वाड्यात, माळ्यावर, जुन्या पेटीत काचेच्या प्लेट असतील तर त्या पुसायला घेऊ नका. ओले फडके तर मुळीच नको. प्लेटची एक बाजू चकचकीत असते, ती काच. दुसरी मंद असते, तीवर चित्र. मंद बाजूला बोट लावायचे नाही, प्लेट नेहमी कडांना धरायची. एकीवर एक आडव्या रचू नका, वजनाने खालच्या तडकतात. प्रत्येक प्लेट साध्या कागदाच्या पाकिटात घालून, लांब कडेवर उभी, कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकची पिशवी टाळा, आत दमट होते. फुटलेली असेल तर चिकटपट्टी लावू नका, तुकडे सपाट पुठ्ठ्यावर तसेच ठेवा. चित्र पाहायचे असेल तर मोबाइलचा पांढरा पडदा किंवा खिडकीला लावलेला पांढरा कागद पुरतो. त्या उजेडासमोर प्लेट धरून दुसऱ्या मोबाइलने फोटो घ्या आणि त्यातले रंग उलटे करा. काळ्याचे पांढरे होईल, आणि शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी रोखून धरलेला श्वास समोर येईल.

दुसरा भाग नावांचा, आणि तो जास्त घाईचा. काच आणखी शंभर वर्षे टिकू शकेल. ते चेहरे ओळखणारी माणसे तेवढी टिकणार नाहीत. आपल्या घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांसमोर तो पुठ्ठ्याचा फोटो ठेवा आणि विचारा. त्यांना स्वतःच्या बॅचचे चेहरे तर ठाऊक असतातच, वडिलांच्या फोटोतले काका-मामाही ते ओळखतात. त्यांच्यानंतर कुणीही ओळखणार नाही. फोटोची एक झेरॉक्स काढा, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि वेगळ्या कागदावर आकड्यासमोर नाव लिहा. नक्की असेल तर नक्की, अंदाज असेल तर बहुधा, असे स्पष्ट लिहा. टोपणनाव कळले तर तेही लिहा, कारण शाळेत खरे नाव पुष्कळदा फक्त हजेरीत असते. गाव, गल्ली, पुढे काय केले, जेवढे कळेल तेवढे. कुणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, हेही. मूळ फोटोच्या पाठीवर लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटते. आणि खुर्चीवरच्या रांगेपासून सुरुवात करू नका. ती नावे कुठे ना कुठे सापडतात. सतरंजीपासून आणि कडेपासून सुरुवात करा. घंटा देणारे मामा कोण होते? पाणी भरणाऱ्या मावशी फोटोत आहेत का? नसतील तर त्यांचे नाव तरी कुणाला आठवते का?

आपल्या गुरुजनांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांनी तीस-तीस वर्षे या रांगांच्या मधोमध बसून फोटो काढून घेतले. दरवर्षी पोरे बदलली, खुर्ची तीच. एका अर्थाने आमच्या सगळ्या बॅचची वही म्हणजे तुम्ही आहात. या मेळाव्यात तुमच्या पुढ्यात फोटो घेऊन येणारे विद्यार्थी दिसले, तर त्यांना थोडा वेळ द्यावा. हजेरी तुम्हीच घ्यायची आहे.

आणि हे सारे फक्त काचेपुरते आहे असे समजू नये. आपल्या बॅचचा कृष्णधवल फोटो फिल्मवर निघाला, धाकट्या बॅचचा रंगीत, आताच्या मुलांचे शेकड्यांनी मोबाइलमध्ये. तिथेही नाव लिहिलेले नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जुना फोटो पडला की आपण पहिले अर्धा तास हेच करतो. तिसऱ्या रांगेतला डावीकडून चौथा कोण रे? कुणी एक नाव सांगतो, कुणी दुसरे, मग भांडण, मग उलगडा, मग त्या मुलाची सारी कथा निघते, त्याची सायकल, त्याचा मार खाल्लेला दिवस, आता तो कुठे आहे, किंवा आता तो नाही. हे बोलणे दुसऱ्या दिवशी वर सरकून जाते. ते कागदावर उतरवणे एवढेच करायचे आहे.

या अंकातही आपल्या बॅचचा फोटो असेलच. तो पाहून झाला की पान उलटण्याआधी पेन्सिल घ्या.